सांतु, संत आणि व्याधी

१

मराठीतील ख्रिस्ती वाङ्मयाविषयी आजवर जे समीक्षालेखन झाले, त्याचा बराचसा भाग भाषेच्या प्रश्नाभोवतीच घोटाळत राहिला आहे. फादर थॉमस स्टीफन्सच्या 'क्रिस्तपुराणा'चे नाव निघाले की चर्चा त्यातील मराठीच्या गौरवाच्या ओव्यांवर येऊन थांबते. आंतोनिओ साल्दान्यच्या 'सांतु आंतोनीची जीवित्वकथा' या ग्रंथाचे नाव निघाले की त्याची भाषा मराठी किती आणि कोकणी किती, याचे माप काढले जाते. ही चर्चा निरर्थक नव्हे. परंतु तिच्यामुळे हे ग्रंथ भाषाभ्यासकाच्या टेबलावरील नमुने होऊन बसले आणि त्यांत सांगितले काय आहे, ते कोणाला उद्देशून आणि कोणत्या गरजेपोटी सांगितले आहे, हा प्रश्न मागे पडला. या ग्रंथांचा श्रोता केवळ धर्मान्तरित नव्हता. तो आजारी पडणारा माणूसही होता. व्याधी आली असता कोणाकडे जावे, हा त्याचा प्रश्न होता आणि 'सांतु' हे त्याला मिळालेले एक उत्तर होते.

या उपेक्षेला एक ऐतिहासिक कारण आहे. मराठी वाचकाला ख्रिस्ती साहित्याचा जो परिचय झाला तो प्रामुख्याने बाबा पदमनजी आणि रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या द्वारे. 'यमुनापर्यटन' (१८५७) आणि टिळकांची कविता या दोहोंच्या मागे प्रॉटेस्टंट मिशनांची पार्श्वभूमी आहे. त्या परंपरेत मनुष्य आणि ख्रिस्त यांच्यामध्ये तिसऱ्या कोणा मध्यस्थाला जागा नाही. संतांची आराधना, अस्थींची पूजा, नवस हे सारे तिने नाकारलेले. साहजिकच 'मराठी ख्रिस्ती साहित्य' म्हणताच जे चित्र मनासमोर उभे राहते, त्यात आरोग्यदाता संत दिसत नाही. गोवा, वसई आणि मुंबई येथील कॅथलिक परंपरेत मात्र तो पहिल्यापासून आहे. त्याला वगळून सतराव्या शतकातील गोमंतकीय ग्रंथ वाचणे म्हणजे पंढरपूर वगळून वारकरी काव्य वाचणे होय.

२

हा संत समजण्यासाठी युरोपच्या मध्ययुगाकडे वळणे आवश्यक आहे. तेथे प्रत्येक व्याधीचा एक संत ठरलेला होता आणि तो ठरण्यामागे एक काव्यात्म म्हणता येईल असा तर्क होता. अलेक्झांड्रियात छळकांनी आपोलोनियेचे दात पाडले, म्हणून दातदुखी तिच्याकडे गेली. ब्लासियुस या बिशपाने घशात काटा अडकलेल्या मुलाला वाचविले अशी कथा होती, म्हणून घशाचे विकार त्याच्याकडे. आजही ३ फेब्रुवारीला त्याच्या सणाच्या दिवशी दोन मेणबत्त्या गळ्याशी धरून आशीर्वाद दिला जातो. लुसियेकडे डोळे, आगाथेकडे स्तन, एरास्मुसकडे पोट. सेबास्टियनची गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. त्याच्यावर बाण सोडण्यात आले; आणि महामारी ही दैवी बाणासारखी अदृश्य दिशेने येते, ही कल्पना ग्रीक काव्याइतकी जुनी. परंतु दंतकथेनुसार सेबास्टियन त्या बाणांनी मेला नाही. त्यातून तो वाचला व पुढे दुसऱ्या रीतीने मारला गेला. बाण लागूनही जो जगला तोच बाणांपासून राखील, हा त्यामागचा विचार. रोकुस तर स्वतःच प्लेगने आजारी पडून बरा झालेला. चित्रांत तो मांडीवरची गाठ उघडी करून दाखवितो आणि शेजारी त्याला भाकरी आणून देणारा कुत्रा असतो. ज्याने दुःख सोसले त्याच्या हाती त्या दुःखाची सत्ता येते, हे या साऱ्या कथांचे सूत्र होय.

या श्रद्धेला केवळ अज्ञान म्हणून बाजूस सारणारी एक सोयीची भूमिका आहे. इरॅस्मसने 'मूर्खपणाची स्तुती' (१५११) या ग्रंथात तिची यथेच्छ थट्टा केली, आणि प्रत्येक दुखण्याला वेगळा संत शोधणाऱ्यांना त्याने जो आरसा दाखविला तो खोटा नव्हता. परंतु थट्टेने प्रश्न संपत नाही. ज्याला 'संत आंतोनीचा अग्नी' म्हणत तो रोग राय या धान्यावर वाढणाऱ्या बुरशीमुळे होत असे. हातापायांत आग होऊन पुढे ते अवयव काळे पडून झडत. (हा आंतोनी म्हणजे ईजिप्तमधील तपस्वी, पादुआचा आंतोनी वेगळा.) अकराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सच्या दोफिने प्रांतात त्याच्या अस्थींजवळ सेवेकऱ्यांचा एक संघ उभा राहिला आणि त्यातून रुग्णालयांची मोठी साखळी निर्माण झाली. तेथे पोचलेल्या रुग्णाला चांगल्या धान्याची भाकरी मिळे, जखमांना लेप मिळे, आणि दूषित पीठ आपोआप सुटे. बेल्जियममधील गेल या गावी दिम्फ्ना हिच्या स्थानाला येणाऱ्या मनोरुग्णांना गावकऱ्यांनी आपल्या घरी ठेवून घेण्याची चाल पडली, आणि ती चाल पुढे अनेक शतके टिकली. म्हणजे संताची कथा ही उपचाराच्या जागी आलेली नव्हती. पुष्कळदा उपचाराला जागा, पैसा आणि माणसे मिळवून देणारी तीच होती.

३

साहित्याच्या अभ्यासकाला यापुढचा प्रश्न अधिक महत्त्वाचा: ही श्रद्धा कोणत्या वाङ्मयप्रकारात उतरली? मध्ययुगीन संतग्रंथाचे बहुधा दोन भाग असतात. पहिला चरित्राचा, दुसरा चमत्कारांचा. चरित्र संतपदाकडे जाणारा नैतिक मार्ग दाखविते: संपत्तीचा त्याग, मोहावर जय, उपदेश, मृत्यू. चमत्कारांचा भाग मृत्यूनंतर सुरू होतो आणि तेथे लेखनाची रीतच पालटते. अमुक गावची अमुक स्त्री, इतकी वर्षे पाय आखडलेली, नातलगांनी तिला कबरीपाशी आणले, तिने अमुक बोलून घेतले, ती उठून चालू लागली, आणि हे पाहणारे अमुक अमुक. ही भाषा स्तोत्राची नव्हे, साक्षीपुराव्याची आहे. संतपद जाहीर करण्यापूर्वी चौकशी करण्याची रीत तेराव्या शतकापर्यंत दृढ झाली होती आणि चमत्कारकथेचा घाट त्या चौकशीने घडविला.

पादुआचा आंतोनी याचे उत्तम उदाहरण आहे. लिस्बनमध्ये जन्मलेला हा फ्रान्सिस्कन उपदेशक १३ जून १२३१ रोजी वारला आणि वर्ष पुरे होण्यापूर्वीच, मे १२३२ मध्ये, पोप नववे ग्रेगरी यांनी त्याला संतपद दिले. त्याच्या पहिल्या चरित्रात त्रेपन्न चमत्कार नोंदले आहेत. त्यांतील बहुतेक मरणोत्तर, आणि फार मोठा भाग पांगळे, बहिरे, मुके, आंधळे, अपस्मारी अशा रुग्णांचा. पुढे हरवलेल्या वस्तू शोधून देणारा म्हणून त्याची ख्याती जगभर पसरली. परंतु आरंभी तो रुग्णांचाच संत होता.

चरित्र आणि चमत्कार या दोन भागांत एक ताण असतो, आणि तो या वाङ्मयप्रकाराचा मूळचा दोषही आहे व बळही. चरित्र सांगते की देह तुच्छ आहे. चमत्कार सांगतात की देहाचे दुखणे इतके मोलाचे आहे की त्यासाठी स्वर्ग हलतो. चरित्राचा नायक एक. चमत्कारांचे नायक अनेक, आणि ते सारे सामान्य. मध्ययुगातील शेतकरी, दाई, कुंभार, कडेवर मूल घेतलेली आई यांची दुखणी, भीती आणि घासाघीस जर कोठे लिहून ठेवली गेली असेल, तर ती या दुसऱ्या भागात.

४

हा वाङ्मयप्रकार गोमंतकात आला तेव्हा तेथे काय चालले होते? स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यास आला. त्याचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रोमन लिपीत छापले गेले आणि १६४९ व १६५४ मध्ये त्याच्या पुढील आवृत्त्या निघाल्या. देवनागरीत ते सामान्य मराठी वाचकाच्या हाती आले ते शांताराम बंडेलू यांच्या १९५६ च्या आवृत्तीमुळे. ग्रंथाची चौकटच मार्मिक आहे. जुनी पुराणे तुम्ही काढून घेतलीत, तर त्यांच्या जागी आम्हाला काही द्या, अशी मागणी नवधर्मीय श्रोता करतो आणि त्यातून पुराण उभे राहते. काढून घेतलेल्या गोष्टीची जागा भरणे, ही या वाङ्मयाची मूळ प्रेरणा होय.

परंतु काढून घेतली गेली ती केवळ पुराणे नव्हेत. गोव्याच्या १५६७ च्या धर्मपरिषदेने ख्रिस्ती लोकांना हिंदू वैद्यांकडून उपचार करून घेण्यास मनाई केली. ही मनाई पाळली गेली असे नाही. खुद्द मोठमोठे पोर्तुगीज अधिकारी वैद्यांना बोलावीत, आणि १६१८ मध्ये नगरसभेने हिंदू वैद्यांची संख्या तीसवर आणून त्यांना परवाने देण्याचा मार्ग धरला. तरीही गावातल्या माणसाच्या दृष्टीने पाहिले असता एक मोठी पोकळी निर्माण झालीच. देवीचे देऊळ गेले, घाडी-भगताकडे जाणे पाप ठरले, वैद्याकडे जाणे संशयास्पद झाले. मूल तापाने फणफणले असता आईने काय करावे?

या पार्श्वभूमीवर 'क्रिस्तपुराणा'तील रोगमुक्तीचे प्रसंग वाचले पाहिजेत. आंधळ्याला दृष्टी, कुष्ठरोग्याला शुद्धी, खाटेवरून आणलेल्या पांगळ्याला चाल, हे शुभवर्तमानातलेच प्रसंग आहेत; स्टीफन्सने ते रचले नाहीत. पण ओवीत येताच ते पुराणकथनाचा ओघ पत्करतात, आणि ज्या स्वर्गाला वैकुंठ म्हटले आहे त्या स्वर्गाचा स्वामी गावच्या वाटेवर रोग्यासमोर उभा राहतो. तरीही ख्रिस्त हा एकच आहे आणि त्याच्या कथेतील रोगमुक्ती ही त्याच्या देवत्वाची खूण आहे. ती गावागावाच्या वाट्याला येणारी नव्हे. ती वाटणी करण्यासाठी संत हवा.

साल्दान्यने १६५५ मध्ये तो दिला. मोरोक्कोतील माझगांव या पोर्तुगीज ठाण्यात जन्मलेल्या या जेझुइटाने आंतोनीची निवड करावी यात आश्चर्य नाही. आंतोनी पोर्तुगालचा राष्ट्रीय संत. जुन्या गोव्यातील त्याच्या चॅपेलातील मूर्तीला सैन्यात कॅप्टनचा हुद्दा होता आणि तिला वेतन मिळत असे. संत हा केवळ पूज्य नव्हे, तो नेमणूक झालेला अधिकारी आहे, ही कल्पना याहून स्पष्ट कशी व्हावी? 'आपल्या आत्म्यांना व शरीरांना आरोग्यकर असे जीवनवृक्षाचे फळ' अशा अर्थाच्या नावाचा ग्रंथही साल्दान्यच्या नावावर आहे. आत्मा आणि शरीर यांना एकाच विशेषणाने जोडणारे हे शीर्षक या साऱ्या वाङ्मयाचे बोधवाक्य म्हणून शोभेल.

येथे एका शब्दाकडे लक्ष वेधणे अगत्याचे आहे. साल्दान्यचा 'सांतु' आणि मराठीतला 'संत' हे कानाला सख्खे भाऊ वाटतात. वस्तुतः त्यांचा रक्ताचा संबंध नाही. 'सांतु' हा पोर्तुगीजमधून लॅटिन 'सांक्तुस' या शब्दाकडे जातो. त्याचा अर्थ पवित्र म्हणून वेगळा काढलेला. 'संत' हा 'सत्' वरून येतो. त्याचा अर्थ जो आहे तो, जो सत्यात राहतो तो. दोन अनोळखी शब्द एका उच्चारात भेटले आणि त्या भेटीने दोन संकल्पनांची सरमिसळ सुलभ केली. पुढील मराठी भाषांतरकारांनी 'संत आंतोनी', 'संत सेबास्टियन' असे बिनदिक्कत लिहिले. पर्याय नव्हता असे नाही. कोकणी ख्रिस्ती बोलीत 'भागेवंत' हा शब्द रूढ आहे.

५

या सरमिसळीत काय लपते? स्टीफन्स गोव्यात आला तेव्हा पैठणास एकनाथ हयात होते. दोघांचा काळ वीस वर्षे समांतर चालला. एकनाथांच्या भारुडांत नवसाची खोचक थट्टा आहे, आणि पुढे तुकारामांनी नवसाने मुले होतात या समजुतीवर जो प्रहार केला तो सर्वश्रुत आहे. वारकरी संत हा दुखणे काढून घेणारा म्हणून प्रथमतः ओळखला जात नाही. कूर्मदासाची कथा या बाबतीत निर्णायक मानावी लागेल. हातपाय नसलेला हा भक्त पैठणहून लोळत पंढरीस निघतो, लऊळपर्यंत पोचतो आणि पुढे जाणे अशक्य होते. आंतोनीच्या चमत्कारसंग्रहात हा प्रसंग असता तर कूर्मदासाला हातपाय फुटले असते. मराठी कथेत तसे घडत नाही. पांडुरंगच उठून लऊळला येतो. देह तसाच राहतो, अंतर मिटते.

रोग बरा होतो अशा कथा मराठी संतचरित्रांत नाहीत असे मात्र म्हणता येणार नाही. महिपतीच्या तुकारामचरित्रात रामेश्वरभट्टाच्या अंगाचा दाह तुकारामांच्या अभंगाने शमतो. परंतु तो दाह म्हणजे अनगडशहाच्या शापाचे फळ, आणि त्याचे शमन म्हणजे दोन माणसांतील वैराचा शेवट. तेथे रोग हे नैतिक कथेतील एक वळण आहे. ताप हा ताप म्हणून, पाय हा पाय म्हणून तेथे आलेला नाही.

मग आजारी मराठी माणूस कोणाकडे जात होता? शीतलादेवीकडे देवी आल्या असता, मरीआईकडे पटकी आली असता, म्हसोबाकडे, गावदेवीकडे. कामाची वाटणी येथेही होती, आणि ती मध्ययुगीन युरोपइतकीच काटेकोर होती. म्हणजे मराठी संस्कृतीने दोन कार्ये दोन ठिकाणी ठेवली: शिकविण्याचे संताकडे, राखण्याचे देवतेकडे. कॅथलिक संतात ती दोन्ही एकत्र आहेत. चरित्राने तो तुकारामांच्या पंक्तीस बसतो, चमत्कारांनी शीतलादेवीच्या. 'हा जुन्या देवांचाच नवा वेष' असे म्हणून मोकळे होणारे स्पष्टीकरण म्हणूनच अपुरे आहे. संतकथांचे चिकित्सक अभ्यासक इपोलित द्लए यांनी १९०५ मध्येच असे साम्य म्हणजे वंशावळ नव्हे हा इशारा दिला होता. देवतेला सद्गुणी चरित्र असावे लागत नाही. सांतुला ते लागते. आणि ज्याने स्वतः सोसले त्याच्याकडेच रोग्याने जावे, ही करुण कल्पना रोगदेवतेच्या कल्पनेहून वेगळी आहे; मरीआई रोग आणते आणि नेते, रोकुस रोग भोगतो आणि मग राखतो.

या एकत्रित रूपाला मराठीच्या मध्यवर्ती प्रवाहात जागा मिळाली ती मात्र विसाव्या शतकात, आणि एका अनपेक्षित ठिकाणी. गोविंद रघुनाथ दाभोलकर यांचे 'श्रीसाईसच्चरित' (१९२९) नऊ हजारांहून अधिक ओव्यांचे आहे. त्याचा आरंभच शिरडीतील पटकीच्या साथीने व जात्यावर दळलेल्या गव्हाच्या पिठाने होतो, आणि पुढे उदीने बरे झालेल्यांच्या हकिगती नावागावांनिशी येतात. ओवीचे पुराणवळण आणि साक्षीपुराव्याची नोंद यांचा हा मिलाफ वारकरी चरित्रांपेक्षा साल्दान्यच्या वाङ्मयप्रकाराला जवळचा आहे. कोणी कोणाचे अनुकरण केले असे यातून सिद्ध होत नाही. गरज सारखी असली की घाटही सारखा होतो, एवढे मात्र सिद्ध होते. आणि ज्या समीक्षेने 'जीवित्वकथा' परकी म्हणून दूर ठेवली, तिला स्वतःच्या अंगणातील हा ग्रंथही वाङ्मय म्हणून वाचता आलेला नाही, हा योगायोग नव्हे.

६

ही परंपरा ग्रंथांत थिजून राहिलेली नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा वांद्रे व आसपासच्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती वस्त्यांनी रस्त्यांच्या तोंडाशी क्रूस उभारले. त्यांतील काही आजही उभे आहेत. त्याच वर्षी मांडवी भागात हा प्लेगच आहे असे निदान प्रथम केले ते डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय ख्रिस्ती वैद्याने. क्रूस आणि निदान यांत त्या समाजाला विरोध भासला नाही. वांद्र्याच्या मोत माउलीच्या सप्टेंबरमधील जत्रेत मेणाचे हात, पाय, बाहुल्या आजही विकल्या जातात आणि घेणाऱ्यांत हिंदूही असतात; जो अवयव दुखतो त्याची प्रतिकृती अर्पण करण्याची ही रीत मध्ययुगीन युरोपात घरोघरची होती.

मराठी मुलखाबाहेर म्हैसूरकडे पाहिले तर या प्रश्नाची आणखी एक बाजू दिसते. शहराच्या पश्चिम कडेला बोगादीच्या रस्त्यालगत मानसगंगोत्रीचा विद्यापीठ परिसर आहे. दुसऱ्या बाजूला संत फिलोमेनाच्या चर्चचे १७५ फुटी जुळे मनोरे आहेत. एकीकडे ग्रंथ, दुसरीकडे ग्रंथाशिवाय उभी राहिलेली श्रद्धा. फिलोमेनेचे चरित्रच नाही. १८०२ मध्ये रोमच्या एका भुयारी दफनभूमीत अस्थी आणि तीन अक्षरांकित फरशा सापडल्या. फरशांची जुळणी करून नाव काढले गेले, आणि पुढे १८३५ मध्ये पोलीन जारिको या फ्रेंच स्त्रीला तिच्या स्थानी आरोग्य लाभले, त्याने तिची कीर्ती पसरली. म्हैसूरच्या चर्चची पायाभरणी १९३३ ची. १९६१ मध्ये रोमने तिचा दिवस पूजापंचांगातून काढला. म्हैसूरचे नाव व वर्दळ कायम राहिली. चरित्र गळून पडले तरी चमत्कार टिकतो, याचे इतके उघड उदाहरण क्वचितच मिळेल. आरोग्यदात्या संताच्या वाङ्मयात पहिला भाग पंडितांसाठी आणि दुसरा लोकांसाठी असतो, हे यातून कळते.

येथे भाषांतराचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. कोशांत अशा संताला 'आश्रयदाता संत' म्हटलेले आढळते. हा शब्द राजदरबारातला आहे. दातदुखीला आश्रय देणारी आपोलोनिया ही कल्पना हास्यास्पद होते. मराठी-कोकणी लोकांजवळ याहून नेमके शब्द होते. गावाची सीमा सांभाळणारा तो 'राखणदार'. आणि फ्रान्सिस झेवियरला गोमंतकीय जनतेने जे नाव दिले ते 'गोंयचो सायब', गोव्याचा धनी. या शब्दांत पावित्र्यापेक्षा जबाबदारी अधिक आहे, आणि रोग्याला हवी असते ती तीच. भाषांतरकाराने 'राखणदार संत' म्हटले तर चरित्र आणि चमत्कार, दोन्ही भाग त्यात सामावतील. केवळ 'संत' म्हटल्याने दुसरा भाग वाचकाच्या दृष्टीआड होतो.

'सांतु आंतोनीची जीवित्वकथा' हा थोर काव्यग्रंथ आहे असा दावा येथे अभिप्रेत नाही. 'क्रिस्तपुराणा'ची झेप त्यात नाही. परंतु मराठी वाङ्मयेतिहासाने 'संतसाहित्य' ही संज्ञा ज्या अर्थी वापरली, त्या अर्थी तिने मराठी माणसाच्या देहाला, त्याच्या तापाला आणि त्याच्या नवसाला साहित्याबाहेर ठेवले. अ. का. प्रियोळकरांनी अपार कष्टाने हे गोमंतकीय ग्रंथ अभ्यासकांपुढे आणले ते केवळ शब्दांच्या याद्या करण्यासाठी नव्हे. ज्या समाजाकडून देव, पुराण आणि वैद्य ही तिन्ही एकाच पिढीत हिरावली गेली, त्या समाजाच्या आजारपणाला मराठीत उत्तर देण्याचा तो प्रयत्न होता. तो कितपत साधला, हे त्या ग्रंथांतील चमत्कारकथा एकेक करून, साहित्य म्हणून वाचल्यावाचून ठरविता येणार नाही. आणि ते वाचन अद्याप व्हावयाचे आहे.